या घराचा खर्च कोण चालवायचं?

मंडळी, सुट्टीत जुन्या वाड्यात चार दिवस राहायला जाणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. महेश्वरला, नर्मदेच्या अगदी काठावर, होळकरांच्या किल्ल्यात २००० सालापासून पाहुणे उतरतात. रिचर्ड होळकर यांनी घराण्याच्या वास्तूत ही सोय केली. खाली घाट आहे, नावा आहेत. अहिल्याबाईंच्या वाड्यात आजही मातीची इवली शिवलिंगं घडवून पूजतात आणि नर्मदेत सोडतात. पाहुणा खूश होतो, व्हावंच. पण इतिहासाचा विद्यार्थी तिथं उतरला, तर त्यानं एक प्रश्न विचारावा: या घराचा खर्च कोण चालवायचं?

आयर्लंडमध्येही नदीकाठी जमीनदारांची मोठमोठी घरं आहेत. ती उभी होती कुळांच्या खंडावर. १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडालं, लाखो माणसं मेली, आणि खंड थकला म्हणून कित्येक कुटुंबांना घराबाहेर काढलं गेलं. लोक हे विसरले नाहीत. १९०३ च्या कायद्यानं कुळांना जमिनी विकत घेणं सोपं झालं. पुढं १९२० ते १९२३ च्या धामधुमीत अशी दोनशेहून अधिक घरं जाळली गेली. जी वाचली, त्यांचा खंड संपला होता. त्यातली काही मग पाहुण्यांच्या भाड्यावर तगली. आज तिथं राहणाऱ्याला बाग दिसते, नदी दिसते. खंड दिसत नाही.

महेश्वरचा हिशेब वेगळा आहे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला. दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी. काशीचं, गयेचं, वेरूळचं देऊळ बांधलं. त्यांचा दानधर्म चालायचा तो खासगीतून. स्वतःचा वाडा मात्र साधा, लाकडी खांबांचा. आता खासगीचं उत्पन्न तरी कुठून येणार? गावांतूनच! म्हणजे कष्ट रयतेचेच. पण त्यातलं पुष्कळसं घाट, विहिरी, धर्मशाळांच्या रूपानं लोकांकडे परत गेलं. म्हणून दोन्ही घरांना एकाच मापानं मोजता येत नाही.

हे वाशिमात कशासाठी सांगतोय? आपलं बालाजीचं देऊळ भवानी काळूंनी बांधलं, तेही अठराव्या शतकातच. आपल्याकडेही देशमुख-देशपांड्यांचे वाडे आहेत. पडके झाले की खांब आणि कोरीव दारं विकली जातात. लाकडाला गिऱ्हाईक मिळतं. माळ्यावरच्या मोडी वह्या मात्र रद्दीत जातात. धारा किती, बलुतं कोणाला, पाणी कोण भरायचं, हे त्या वह्यांत असतं. उद्या तुमच्या गावच्या वाड्यात पाहुणे उतरले, तर त्यांना झोपाळा जरूर दाखवा. पण त्याआधी त्या वह्यांचे फोटो काढून ठेवा, आणि वाड्यात राबलेल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. विकलेला खांब एखाद्या हॉटेलात तरी सापडेल. रद्दीत गेलेली वही पुन्हा मिळणार नाही.