न्याय आणि दया : टिळक-दंपतीच्या दोन वाटा

ईश्वर न्यायी आहे आणि ईश्वर दयाळू आहे, हीं दोन वाक्यें भाविक मनुष्य एका दमांत उच्चारतो. परंतु दोन्ही एकाच वेळीं खरीं कशीं, असें कोणीं विचारिलें म्हणजे मोठमोठे पंडितही घुटमळतात. न्यायाधीशानें अपराध्यास सोडून दिलें तर तो दयाळू ठरेल. पण न्यायी राहील काय? उलट, प्रत्येक अपराधाचें माप पुरतेपणीं पदरांत घातलें तर न्याय झाला खरा. मग दयेस जागा कोठें उरली? आमच्याकडे कर्मसिद्धान्तानें न्यायाची बाजू उचलून धरिली आणि भक्तिमार्गानें दयेची. ख्रिस्ती धर्मांत हीं दोन्ही टोकें येशूच्या वधस्तंभाशीं एकत्र बांधलेलीं आहेत. अकराव्या शतकाच्या अखेरीस ॲन्सेल्म या धर्मशास्त्र्यानें असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्याच्या पापानें ईश्वराच्या मानास जो उणेपणा आला, तो भरून देणें हें कर्तव्य मनुष्याचें, पण तें सामर्थ्य केवळ ईश्वराचें. यासाठीं ईश्वरास मनुष्य व्हावें लागलें. पुढें थोड्याच काळानें आबेलार यानें निराळा सूर लाविला. त्याच्या मतें वधस्तंभ ही ऋणाची फेड नसून प्रेमाचें दर्शन आहे, आणि तें दर्शन घडलें कीं मनुष्याचें हृदय आपोआप पालटतें. न्यायाच्या अंगानें जाणारी एक वाट आणि दयेच्या अंगानें जाणारी दुसरी, अशा या दोन वाटा तेव्हांपासून चालत आल्या आहेत.

आम्हांस येथें या वादाचा निकाल लावावयाचा नाहीं. एका मराठी घरांत या दोन्ही वाटा कशा येऊन मिळाल्या, एवढेंच पाहावयाचें आहे. आणि त्यांतील पहिली वाट आजच्या गोंदिया जिल्ह्यांतून गेलेली आहे.

नागपुराहून पूर्वेस जाणारा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगांव, सालेकसा अशीं स्थानकें घेत, दरेकशाच्या डोंगरांतून डोंगरगडास उतरतो आणि राजनांदगांव गांठतो. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीकडे हा मार्ग आला, तेव्हां गोंदिया हें मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यांतील एक स्थानक होतें. स्वतंत्र जिल्हा तो १ मे १९९९ रोजीं झाला. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक हे नोकरीसाठीं या मार्गानें राजनांदगांव संस्थानाकडे निघाले होते. संस्कृताचे व्यासंगी, कवि, आणि देशाला कोणता धर्म तारील या चिंतेनें ग्रासलेले असे ते गृहस्थ. गाडींत एका युरोपियन सहप्रवाशाशीं संस्कृत काव्यासंबंधीं बोलणें निघालें. उतरण्यापूर्वीं त्यानें टिळकांस ख्रिस्ती धर्मग्रंथाची प्रत दिली, आणि मनःपूर्वक वाचाल तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भविष्यही सांगितलें. टिळकांनीं तें हंसण्यावारी नेलें. मात्र वाचण्याचें दिलेलें वचन पाळलें.

ते अडकले ते मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पांचव्या, सहाव्या व सातव्या अध्यायांत, म्हणजे ज्यास गिरिप्रवचन म्हणतात त्या भागांत. तत्त्वज्ञानांतील आपल्या अत्यंत गहन प्रश्नांचीं उत्तरें या तीन अध्यायांत सांपडलीं, असें ते पुढें सांगत. तेथें वधस्तंभाची मीमांसा नाहीं, ॲन्सेल्मचा ताळेबंद नाहीं. वैऱ्यावर प्रेम करावें, कारण स्वर्गांतील पिता आपला सूर्य चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच उगववितो आणि नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, असा तेथील उपदेश आहे.

हा दाखला भाताच्या मुलखास परका नाहीं. वैनगंगेच्या या खोऱ्यांत कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय त्याची साक्ष देतो. पावसाचें पाणी कोणाच्या बांधींत पडावें हें मेघ ठरवीत नाहींत. तें सर्वांवर पडतें. परंतु तेंच पाणी तलावांत सांठलें कीं पाट येतात, पाळ्या येतात, कोणाचें शेत आधीं भिजावें याचे नियम येतात. पाऊस ही दया. पाणीवांटप हा न्याय. एक आकाशांतून येते आणि दुसरा माणसास आपल्या हातांनीं उभारावा लागतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालीं मध्यप्रांतावर भयंकर दुष्काळ कोसळले, तेव्हां हा भेद फार कठोरपणें दिसला. पाऊस रुसला तो सर्वांवर सारखाच. पण उपाशी मात्र सर्व सारखे राहिले नाहींत. ज्याची कोठी भरलेली तो तगला, आणि ज्याचे हात तेवढे रिकामे होते तो रस्त्यावर आला. दयेच्या गोष्टी बोलणाऱ्यास न्यायाचा प्रश्न चुकवितां येत नाहीं, तो असा.

टिळकांच्या घरींही तो चुकला नाहीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनीं विश्वासांत घेतलें नव्हतें. ज्या धर्मांतील दयेनें पतीस जिंकिलें, त्याच धर्मानें पत्नीचा संसार एका क्षणांत मोडला! कांहीं वर्षें ताटातूट झाली. त्या दुःखांत लक्ष्मीबाईंचें देहभान हरपण्याची वेळ आली. ‘प्रभूची दया’ ही येथें कोणाची दया आणि कोणावरील अन्याय, असा प्रश्न वाचकास पडल्यावांचून राहत नाहीं. नव्या श्रद्धेचा आनंद कितीही निर्मळ असो, त्याची किंमत एकट्या पत्नीनें भरावी हें न्यायास धरून नव्हतें, असें म्हणणें आम्हांस प्राप्त आहे.

पुढें त्या परत येऊन पतीबरोबर राहूं लागल्या, तरी सोंवळें व जातीचे आचार त्यांनीं सोडिले नव्हते. १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत त्यांनीं आपलें मन कसें पालटलें तें सांगितलें आहे. त्यांस कोणा शास्त्र्यानें वादांत जिंकिलें नाहीं. जाति ही देवानें केली कीं माणसानें, हा साधा प्रश्न त्यांनीं स्वतःशींच केला. देवानें केली असती तर पशुपक्ष्यांप्रमाणें माणसांतही ती अंगावर दिसली असती. ती दिसत नाहीं, तेव्हां ती माणसाची करणी. एवढा विचार पक्का होतांच कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचा त्यांनीं निश्चय केला. १९०० सालीं राहुरी येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हें सर्व ध्यानांत आणिलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. पति दयेच्या दारानें आंत गेला; पत्नी न्यायाच्या. शत्रूलाही कवटाळणारा पिता एकाला दिसला. जन्मावरून माणसांत उंचनीच न करणारा पिता दुसरीला दिसला. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस सारखीच जागा ठेविली. दरबार म्हटला कीं दाद मागणें आलें आणि अभय मिळणेंही आलें. न्याय व दया हे दोन्ही अर्थ सामावणारा हा अस्सल देशी शब्द त्यांस लाभला, यांत पत्नीच्या सहवासाचा वांटा असावा, असा आमचा तर्क आहे.

ॲन्सेल्म बरोबर कीं आबेलार, हें धर्मशास्त्र्यांनीं ठरवावें. इतिहास एवढेंच दाखवितो कीं, निव्वळ दयेवर उभा राहिलेला भक्त जवळच्या माणसावर नकळत अन्याय करूं शकतो, आणि निव्वळ न्याय मागणाऱ्यास क्षमा करण्याचें बळ दुसरीकडून आणावें लागतें. लक्ष्मीबाईंनीं तें आणिलें. ‘स्मृतिचित्रें’ या त्यांच्या ग्रंथांत पतीविषयींची कडवट तक्रार शोधूनही सांपडत नाहीं. अन्याय सोसलेल्या त्या माउलीनें दाखविलेली ही दया आम्हांस कोणत्याही पंडिती मीमांसेपेक्षां अधिक बोलकी वाटते.