काडतूस : एक शब्द, दोन वस्तू

मराठी गद्यात 'काडतूस' हा शब्द आला की आजच्या वाचकासमोर पितळी बुडाची, बार झाल्यावर रिकामी उरणारी नळकांडी उभी राहते. पोर्तुगिजांकडून आलेल्या या शब्दाने मात्र दोन अगदी निरनिराळ्या वस्तू दाखविल्या आहेत. हा भेद ध्यानात न घेता एकोणिसाव्या शतकातील मजकूर शिकविला, तर अर्थाचा घोटाळा होतो असे आम्हांस वाटते.

विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये (प्रथम प्रकाशन १९०७) १८५७ च्या काडतुसांचा विषय येतो. शिपायांना देऊ केलेले एन्फील्ड बंदुकीचे काडतूस म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेली, वंगण लावलेली कागदी पुडी. ती दातांनी फोडायची, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची आणि पेटवणीची टोपी वेगळी बसवायची. वंगण तोंडाला लागणार म्हणूनच धर्माचा प्रश्न उभा राहिला. बार झाल्यावर मागे काहीच उरत नसे. शिपायाच्या एन्फील्डभोवती रिकामी काडतुसे विखुरणारा कादंबरीकार म्हणूनच कालविपर्यास करतो.

दुसरी वस्तू मागच्या बाजूने भरावयाच्या बंदुकीची. १८३० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये लफोशे याने टोपी, दारू आणि छर्रे एकाच कवचात आणले. पुढे ब्रिटिश सैन्याने १८६६ मध्ये स्नायडर बंदूक स्वीकारली, आणि १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. आता बारानंतर कवच शिल्लक राहू लागले, आणि ते पुन्हा भरावे काय, भरायचे तर कोणते निवडावे, हा नवाच प्रश्न जन्मला.

छर्र्यांच्या बंदुकीपुरते पाहता निवड मुख्यतः दोन कवचांत होती. पितळी बुडाचे कागदी कवच स्वस्त, पण दमट हवेत फुगणारे; कोकणच्या पावसाळ्यात फुगलेले काडतूस नळीत बसेनासे व्हावे, हे ओघानेच आले. त्याचे तोंड दर बाराला जळून झिजे. संपूर्ण पितळी कवच महाग, पण पुष्कळदा भरता येई. त्याची भिंत पातळ, आतला व्यास मोठा. म्हणून बारा बोअरच्या कवचातही मोठ्या मापाची बुचे लागत. काळ्या दारूची राख धुतली नाही तर पितळ खराई, आणि टोपीतल्या पाऱ्याच्या संयुगाने ते ठिसूळ होई. तोंडाशी चीर, बुडाशी फुगवटा किंवा टोपीची सैल बैठक दिसली की कवच बाद करणे हाच शहाणपणा होता. १९६० मध्ये अमेरिकेत प्लॅस्टिकचे कवच बाजारात आले आणि ओलाव्याचा प्रश्न बराचसा मिटला.

आपल्याकडे मात्र ही निवड केवळ कारागिरीची राहिली नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांच्या हातातील बंदूक परवान्याला बांधली. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९५९ च्या कायद्यानेही दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग घेतले आणि निर्मितीस परवाना आवश्यक ठरविला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, आणि पुढे शिकारीचा छंदही कायद्याबाहेर गेला. अशा रीतीने परक्या सत्तेच्या संशयातून सुरू झालेले नियंत्रण स्वकीय राज्यातही टिकले. आमच्या दिव्याहून कल्याणमार्गे जाणारी लोकल ज्या अंबरनाथला पोहोचते, तेथील आयुध निर्माणीत काडतुसांसाठी लागणारे पितळ सरकारी देखरेखीखाली घडत आले आहे. घरी बसून कवच निवडणारा शिकारी आणि कारखान्यातून मोजून बाहेर पडणारे काडतूस यांतले अंतर हे सत्ता आणि प्रजा यांच्यातील विश्वासाचेच अंतर आहे.

तेव्हा शिकारकथा असो वा बंडाची बखर, मजकुरात काडतूस आले की विद्यार्थ्याने एक प्रश्न अवश्य विचारावा : बार झाल्यावर येथे काही उरते काय? त्याच्या उत्तरात मजकुराचा काळ सापडतो, आणि लेखकाने तो काळ किती जाणला होता, हेही कळते.