वेम्बलीला जाणाऱ्या गाड्या

लंडनच्या मेरिलबोन स्टेशनातून सुटलेल्या गाडीत तुम्ही दोन बाकांच्या मधे उभे आहात. शनिवार, २८ एप्रिल १९२३, दुपार. ऊन छान पडलंय. गुडघ्याला गुडघे लागलेत. बहुतेकांच्या डोक्यावर चपट्या टोप्या, खिशात कागदात गुंडाळलेला डबा, एकाच्या हातात फिरवली की कडकड वाजणारी लाकडी चक्री. ही वेस्ट हॅमची मंडळी, लंडनच्या पूर्वेकडची, गोदीच्या आसपास राहणारी. त्यांचा संघ दुसऱ्या विभागात खेळतो, तरी फुटबॉलच्या एफए कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलाय. समोर बोल्टन वाँडरर्स, लँकशायरच्या सूतगिरण्यांच्या गावाचा संघ.

खिडकीबाहेर घरं विरळ होतात, शेतं दिसू लागतात. वेम्बली अजून लंडनमध्ये आलेलं नाही, ते मिडलसेक्स परगण्यात आहे. गाडी मुख्य मार्ग सोडून वळते आणि एका कोऱ्या फलाटाला लागते. हे स्टेशन आजच सुरू झालंय. उतरल्यावर पुढे पळू नका, आधी रुळांकडे बघा. रूळ गोल फिरून पुन्हा मुख्य मार्गाला मिळतात. गाडी एका बाजूने येते, माणसं उतरवते आणि उलटी न फिरता तशीच पुढे जाऊन मेरिलबोनला परतते. तुमची गाडी हलते न हलते तोच मागची येऊन उभी राहते. माणसं आणायची इतकी चोख सोय त्या काळात क्वचितच कुठल्या मैदानाला असेल.

आणि ही झाली एकच वाट. उत्तरेला मेट्रोपॉलिटन रेल्वेचं वेम्बली पार्क स्टेशन आहे, तिथे बेकर स्ट्रीटहून विजेच्या गाड्या येताहेत. दक्षिणेला वेम्बली हिल. त्याच्या पलीकडे हॅरो रोडजवळ आणखी एक स्टेशन, यूस्टनच्या आणि बेकरलूच्या गाड्यांचं. हॅरो रोडवरून ट्रॅमही येतात. या सगळ्या वाटा एका टेकाडावरच्या मैदानाशी येऊन मिळतात.

मैदान इथेच का, ते कळायला आणखी तीस वर्षं मागे चला. १८९३चा ऑक्टोबर. हिरवळ, झाडं आणि नवं वेम्बली पार्क स्टेशन, जे सुरुवातीला फक्त शनिवारच्या फुटबॉल सामन्यांपुरतं उघडतंय. मेट्रोपॉलिटनचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांना इथे पॅरिसच्या आयफेलपेक्षा उंच मनोरा उभा करायचाय. लोक मनोरा बघायला येतील, म्हणजे आपल्या गाडीने येतील, असा त्यांचा हिशेब. १८९६ साली मनोऱ्याचा पहिला टप्पा लोकांसाठी खुला होतो. जमीन खचते, काम तिथेच थांबतं, आणि १९०७ साली उरलेला सांगाडा सुरुंग लावून पाडतात. त्याच जागी आजचं मैदान उभं आहे. इथे गाडी आधी आली. तिला प्रवासी हवेत म्हणून ठिकाण नंतर घडवलं गेलं. म्हणून वेम्बलीची गोष्ट मी तुम्हाला खेळापासून सांगत नाही, रुळांपासून सांगतो.

परत या १९२३ला. दीड वाजून गेलाय. स्टेशनापासून फाटकापर्यंतचं अंतर एरवी काही मिनिटांचं, पण तुम्ही पावलापावलाने सरकताय. पुढच्या वर्षी भरणाऱ्या साम्राज्य प्रदर्शनाचं बांधकाम आजूबाजूला अर्धवट पडलंय. समोर दोन मनोऱ्यांचं पांढुरकं, प्रचंड काँक्रीट. ते ३०० दिवसांत उभं राहिलं. आत सुमारे सव्वा लाख माणसं मावतात. एवढं मोठं मैदान भरेल का, हीच आयोजकांची शंका होती, कारण आधीची तीन वर्षं स्टॅमफर्ड ब्रिजवर झालेले अंतिम सामने पूर्ण भरले नव्हते. म्हणून बहुतेक जागा आगाऊ विकल्याच नाहीत. या, दाराशी पैसे द्या, आत जा.

पावणेदोनला फाटकं बंद होतात. ते तुम्हाला दिसत नाही, छातीवर जाणवतं. पुढची रांग थांबते आणि मागची थांबत नाही. दादरच्या पुलावर एकाच वेळी दोन गाड्या रिकाम्या झाल्या की जे होतं तेच इथे होतंय, फक्त इथे तिसरी, चौथी, दहावी गाडीही रिकामी होतेय. मैदान भरल्याचा निरोप स्टेशनांना गेलाय. पण सुटलेल्या गाडीतल्या माणसाला तो कोण सांगणार? ज्याने ऐकला तो तरी इतक्या लांब येऊन परत कसा जाईल?

तुमच्या डावीकडे एकजण पन्हाळीच्या नळाला धरून वर चढतोय. त्याचा बूट घसरतो, खालचा माणूस त्याच्या टाचेला खांदा देतो, आणि दोघांची ओळखही नसावी. पुढे फिरत्या फाटकावरून पोरं उड्या टाकताहेत, कुठे भिंतीवरून माणसं पलीकडे उतरताहेत. बोल्टनचे खेळाडू या गर्दीत कुठेतरी आहेत. त्यांची बस मैलभर अलीकडेच अडकली आणि ते चालत निघालेत. ज्यांच्यासाठी हे सगळे आले त्यांनाच पोचता येत नाहीये.

आतलं दृश्य नंतर साऱ्या जगाने पडद्यावर पाहिलं: माणसांनी गच्च भरलेलं मैदान आणि बिली नावाच्या घोड्यावर बसून हळूहळू गर्दी मागे सारणारा हवालदार जॉर्ज स्कोरी. बिली खरं तर करड्या रंगाचा, चित्रफितीत पांढरा दिसला. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. दोन मिनिटांत बोल्टनच्या डेव्हिड जॅकने गोल मारला, तेव्हा वेस्ट हॅमचा एक खेळाडू सीमारेषेवरच्या गर्दीत अडकलेला होता. मध्यंतराला संघ मैदानावरच थांबले, कारण कपडे बदलायच्या खोलीपर्यंत वाट नव्हती. बोल्टनने २-० ने सामना जिंकला. अधिकृत आकडा १,२६,०४७ प्रेक्षकांचा; प्रत्यक्षात दोन लाख किंवा त्याहून जास्त लोक आले असावेत. शेकडो लोक जखमी झाले.

स्कोरी आणि बिली यांचं कौतुक व्हायलाच हवं. त्यांचा संयम नसता तर त्या दिवशी काय झालं असतं ते मनात आणवत नाही. पण शंभर वर्षं या दिवसाची आठवण एका घोड्याच्या नावाने निघते आणि गाड्या विसरल्या जातात, हे मला सलतं. त्या दिवशी रेल्वेने आपलं काम उत्तम केलं. फाटकवाल्यांनीही आपापलं काम केलं. तासाला किती माणसं उतरतील आणि तासाला किती आत जातील हे दोन आकडे मात्र कुणी एका कागदावर मांडले नव्हते.

पुढच्या अंतिम सामन्यांना तिकीट आधीच काढायची सक्ती झाली. लोक तिला खेळाचा नियम समजतात. मला ती वाहतुकीची सर्वात मोठी सुधारणा वाटते, कारण किती माणसं येणार हे त्यामुळे गाड्या सोडण्याआधीच ठरू लागलं.

आता १९४८चा जुलै. युद्ध संपून तीन वर्षं झालीत, ऑलिम्पिक याच मैदानावर भरतंय. वेम्बली पार्क स्टेशनातून बाहेर पडलात की पायाखाली नवा, रुंद, सरळ रस्ता लागतो. ऑलिम्पिक वे. जर्मन युद्धकैद्यांनी तो बांधलाय. स्टेशनाच्या तोंडाशी उभं राहिलं की मैदान समोर दिसतं, आणि मधलं सुमारे अर्धा किलोमीटर अंतर माणसांना पसरायला मोकळं असतं. २९ जुलैला उद्घाटनाच्या संचलनात भारताचा झेंडा एक फुटबॉलपटू घेऊन येतो, संघनायक टालिमेरेन आओ. स्वतंत्र भारताचं हे पहिलं ऑलिम्पिक. १२ ऑगस्टला याच हिरवळीवर भारत हॉकीत ब्रिटनला ४-० ने हरवतो. त्या संध्याकाळी या रस्त्याने स्टेशनाकडे परतणाऱ्या भारतीयांबरोबर चालायला मिळालं तर सोडू नका.

तुमचं गोल वळणाचं स्टेशन १९६८ नंतर वापरात राहिलं नाही. जुनं मैदान पाडून ९०,००० आसनांचं नवं मैदान २००७ साली उघडलं. वेम्बली हिलचं नाव आता वेम्बली स्टेडियम, आणि तिथून मैदानाकडे नेणाऱ्या पुलाचं नाव व्हाइट हॉर्स ब्रिज. वेम्बली पार्क तासाला ३७,५०० प्रवासी हाताळेल असं वाढवलंय. सामना सुटल्यावर ऑलिम्पिक वेवर कर्मचारी 'थांबा' आणि 'चला' असे फलक धरून उभे राहतात, फलाट मोकळा होईल तसतसं एकेका जथ्याला पुढे सोडतात. १९२३ साली गर्दी फाटकाशी अडली. आता ती मोकळ्या रस्त्यावर, श्वास घ्यायला जागा असताना अडवली जाते.

तरी एक मुक्काम राहिलाय. १६ एप्रिल २०२२, ईस्टरचा शनिवार. एफए कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर सिटी, वेम्बलीलाच. दोन्ही संघ उत्तरेचे, आणि त्या आठवड्याच्या शेवटी रुळांच्या कामामुळे मँचेस्टर किंवा लिव्हरपूलहून लंडनच्या यूस्टनला थेट गाडीच नाही. काम आधीपासून ठरलेलं. सामना दुसरीकडे हलवा असं दोन्ही भागांच्या महापौरांनी सांगितलं. जागा बदलली नाही; फुटबॉल असोसिएशनने १०० बसगाड्या फुकट दिल्या. एवढ्या बसमधून फार तर ५,००० लोक जाणार.

तुम्ही मँचेस्टरच्या एका बसमध्ये आहात. बोल्टन इथून फार लांब नाही. निळी मफलर गळ्यात घालून शेजारी बसलेल्या बाईंनी पोळीसारख्या गुंडाळलेल्या ब्रेडचा तुकडा तुमच्यापुढे धरलाय आणि त्या विचारताहेत, सामना जादा वेळेत गेला तर ही बस थांबेल ना आपल्यासाठी? चालकालाही ते माहीत नाही.