प्रतिकारदमक औषधपातळी मापन
दात्याच्या मूलपेशी मिळालेल्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे प्रमाण मोजून मात्रा ठरवण्याची पद्धती. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण (पहा : अस्थिमज्जा) 1983 मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. अशा औषधांपैकी सायक्लोस्पोरिन नॉर्वेतील मातीतल्या बुरशीपासून, तर टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जिवाणूपासून मिळाले.

वजनावरून मात्रा ठरते, मग मोजणी कशाला, हा आक्षेप टिकत नाही. औषधाचे शोषण व यकृतातील विघटन व्यक्तीगणिक बदलते. शिवाय बुरशीरोधक व्होरिकोनॅझोल सुरू होताच टॅक्रोलिमसची पातळी चढते. ती घसरली तर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच त्वचा, आतडी व यकृतावर उलटण्याचा धोका वाढतो (पहा : प्रत्यारोपण), चढली तर मूत्रपिंडाला इजा पोचते. टॅक्रोलिमससाठी बहुधा मिलिलिटरमागे 5 ते 15 नॅनोग्रॅम ही कक्षा धरतात. कक्षेत राहूनही विकार उद्भवतो, हे खरे. म्हणूनच आकडा लक्षणांसोबत वाचावा लागतो.

औषध तांबड्या पेशींत साठत असल्याने रक्तद्रव नव्हे, संपूर्ण रक्त लागते, तेही सकाळची गोळी घेण्यापूर्वी. वलगावसारख्या (अमरावती जिल्हा) गावी परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत अंतराची अडचण पुढे केली जाते. ती अर्धीच खरी : नमुना थंड पेटीतून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो, पण गोळीनंतर काढलेल्या रक्ताचा आकडा कोणत्याही यंत्राने सुधारत नाही.