आगरची उशिरा आलेली रेल्वे
इंदूर–नीमच मार्गासाठी शिंदे सरकारने इंग्रजांना ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले. त्याच मार्गाच्या फतेहाबाद फाट्यावरून १८७६ मध्ये उज्जैनला रेल्वे आली. त्याच संस्थानातील, उज्जैनपासून सुमारे ६६ किलोमीटरवरच्या आगरला मात्र १९३२ पर्यंत थांबावे लागले. मिळाली तीही दोन फुटी नॅरोगेज! मोठ्या मार्गाचे डबे तिच्यावर चालणे शक्य नव्हते. पुढे जाणारा माल उज्जैनला उतरवून पुन्हा भरावा लागे. विलंबापेक्षा हा गेजभेदच अधिक घातक ठरला, असे म्हणावे लागेल. शिवाय रूळ आगरलाच संपले. दुसऱ्या महायुद्धात देशातील अनेक लहान मार्गांचे रूळ उखडले गेले. आगरचा मार्ग त्यातून वाचला आणि १९७५ मध्ये, स्वतंत्र भारतात, बंद झाला. २०१३ मध्ये आगर जिल्ह्याचे ठिकाण झाले, तेव्हा तेथे रेल्वे नव्हती.