रम्फर्ड फायरप्लेस

घराच्या भिंतीत बांधलेल्या उघड्या फायरप्लेसचा, खोलीला अधिक ऊब मिळावी म्हणून सुधारलेला प्रकार. अमेरिकेत जन्मलेला भौतिकीविज्ञ बेंजामिन टॉमसन ऊर्फ काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) याने तो लंडनमध्ये रूढ केला. त्यावरील त्याचा निबंध १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

जुनी इंग्रजी फायरप्लेस म्हणजे भिंतीतली खोल चौकोनी पोकळी आणि तिच्यावर ऐसपैस धुराडे. धुराबरोबर खोलीतली तापलेली हवाही वर ओढली जाई आणि तिच्या जागी दारे-खिडक्यांच्या फटींतून गार वारा आत शिरे. समोर बसणाऱ्याचे तोंड भाजे, पाठ गारठे. जळण वाढवले की ओढही वाढे, त्यामुळे लाकूड जाई आणि थंडी राही.

उघड्या आगीची जी उष्णता खोलीला मिळते ती मुख्यतः प्रारणाने, हे रम्फर्डने हेरले. म्हणून त्याने पोकळी उथळ केली. मागची भिंत दर्शनी रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश ठेवली, पोकळीची खोलीही तेवढीच, आणि दोन्ही बाजू मागच्या भिंतीशी १३५ अंशांच्या कोनात बाहेर उलगडल्या. आच भिंतींवर आदळून माणसांकडे वळू लागली. धुराड्याचा गळा त्याने सुमारे १० सेंमी.पर्यंत आवळला, धूर जाई, पण ऊबदार हवेची गळती घटे. बाजूंना लोखंडाऐवजी दगड-विटा आणि वर पांढरा चुना हवा, असे त्याचे मत होते. काजळीपुढे तो चुना किती टिकणार, हा भाग वेगळा.

असलेली फायरप्लेस न पाडताही ऊब वाढवता येते. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते; म्हणून फोडून, रचून, वर्षभर वाळवलेले, २० टक्क्यांहून कमी ओलावा असलेले लाकूड वापरावे. मागे बिडाचा जाड पत्रा उभा केल्यास तो तापून खोलीकडे आच फेकतो. दोन-तीन सेंमी. राख तळाशी राहू दिली तर निखारे टिकतात. धुराड्याची झडप मात्र निखारे पूर्ण विझल्यावरच लावावी. आधी लावल्यास कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठून जीव जाऊ शकतो.

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत रम्फर्ड फायरप्लेसचा उल्लेख आहे. या फायरप्लेसची ऊब जुन्या फायरप्लेसपेक्षा निश्चित सरस. तरी केवळ खोली तापवायची असेल, तर बंद दाराचा लोखंडी स्टोव्ह कमी लाकडात ते काम अधिक चांगले करतो.