पडद्यामागचा कर्णा, दिवाणखान्यात

थिएटरचे स्पीकर एवढे अवाढव्य का? ॲम्प्लिफायर दुबळे होते म्हणून! बोलपट आले तेव्हा हाती मोजकेच वॅट. शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचवायचा तर कर्ण्याशिवाय गत्यंतर नव्हते. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड यांना वेगळीच अडचण भेडसावत होती. खर्जाचा कर्णा लांब, वरच्या स्वरांचा आखूड. त्यामुळे एलेनॉर पॉवेलच्या टॅप नृत्यातला एकच ठोका दोनदा ऐकू येई. हे अंतर जुळवून त्यांनी नवी जोडणी केली. १९३६ सालासाठी तिला ऑस्करचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. त्याच वळणाचा ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ आल्टेक लान्सिंगने १९४५मध्ये काढला आणि पुढे हौशी लोकांनी तो थेट घरात नेला.

माझ्या एका स्नेह्यांनी बंद पडलेल्या थिएटरातून असाच एक जोड आणला. आवाज अगदी बारीक ठेवला तरी शब्द न् शब्द कळतो, हे खरे. पण दहा फुटांवर बसले की खर्ज खालच्या पेटीतून आणि संवाद वरच्या कर्ण्यातून, असे वेगवेगळे येतात. थिएटरात ते वाटेतच मिसळतात. त्यांनी सोफा मागच्या भिंतीला टेकवला. आता ती भिंत पाडायचे घाटते आहे.